वरकुट्याचा मेंढा

"ओ मॅडम, कुल्फी हाय का?"

इंदापूर स्टँडवर बारामतीच्या एसटीची वाट बघत मी मांडीवर थर्माकोलचा डबा घेऊन बसले होते. विचारणारा पंचविशीचा, उंच, आणि हसू डोळ्यांतल्या डोळ्यांत दाबणारा. मी चिडले. आणि चिडले की माझ्या तोंडून नेमकं नको ते खरं बाहेर पडतं.

"कुल्फी नाही. मेंढ्याची वृषणं आहेत."

शेजारच्या आजी पटकन पलीकडे सरकल्या. तो मात्र त्यांच्या रिकाम्या जागी बसला. "खाटकाकडनं आणली? आन् करनार काय त्यांचं?"

साल होतं एकोणीसशे नव्याण्णव. मी वल्लरी, बारामतीच्या कॉलेजात एमएस्सीच्या शेवटच्या वर्षाला. एसटीला उशीर होता, म्हणून सांगितलं. पेशींवर जंतू ओळखणारे ग्राही असतात, म्हणजे शरीराचे जन्मजात पहारेकरी. परका दिसला की बोंब ठोकतात, मग सूज येते, ताप येतो. पण शुक्राणू तर वयात आल्यावर तयार होतात, शरीराला तेही परकेच! मग तिथले पहारेकरी करतात काय? मुळात तिथे असतात तरी का? आमच्या सरांनाही नक्की माहीत नव्हतं.

"म्हंजी तुमी पार गोंधळल्याय," तो म्हणाला.

"शास्त्रात त्याला प्रश्न म्हणतात."

"आमच्यात गोंधळच म्हन्त्यात."

मला हसू आवरेना. त्या गडबडीत मी डबा बाकावर विसरून एसटीत चढले. त्याने तो खिडकीतून आत दिला... "तुमची कुल्फी, मॅडम."

त्याचं नाव शंभूराज. लोणी देवकरच्या एका कारखान्यात फिटर होता, आणि घरी वरकुट्याला वडिलांच्या मागे राखलेली थोडी मेंढरं. माझा खाटकाकडे जायचा वार त्याला कसा कळला, देव जाणे. दर आठवड्याला तो स्टँडवर हजर! कधी खिशात शेंगा, कधी नुसत्या गप्पा. त्याला पोचायला उशीर झाला की मी एसटी सोडायची आणि स्वतःवरच वैतागायची. हे काय चाललंय, हे काही मला कळत नव्हतं.

एकदा तो म्हणाला, "आमचा मेंढा गाभ धरवीना झालाय. बघाल का येऊन?"

आईला सांगितलं, संशोधनासाठी जातेय. ते खरंच होतं... बहुतेक.

वरकुट्याला त्याने मेंढा धरला आणि मी खाली बसून चाचपलं. लोकरीत त्याची बोटं माझ्या बोटांना लागली. दोघांनीही ती लगेच काढली नाहीत.

"दोन्ही बाजूंना गाठी आहेत, सुपारीसारख्या," मी कशीबशी म्हणाले. "जंतू शिरले असणार. पहारेकरी इतके भांडले की शुक्राणूंच्या वाटेच्या नळ्याच बुजल्या. दोष मेंढ्यांत नाही, याच्यात आहे."

त्याच्या आईने, भामाबाईंनी, पदर तोंडाला लावला. "आगं बाई! आन् मी वांज म्हनून चार मेंढ्या बाजारात घातल्या की गं! नर कुठं वांज आस्तोय व्हय, म्हनलं..."

शंभूराजचा चेहरा खर्रकन उतरला. "मानसात बी हुतं का ह्ये?"

"होतं कधी कधी. गालगुंड झालं तर."

त्याने मेंढा सोडून दिला. मला फाट्यावर सोडून तसाच मागे फिरला. पुढच्या आठवड्यात स्टँडवर आला नाही, त्याच्या पुढच्याही नाही. माझं काय चुकलं? मेंढा वांझ निघाल्याचं एवढं दुःख? मी रागावले, रडले, आणि कशासाठी रडतेय ते मात्र स्वतःला सांगेना.

महिना उलटला आणि तो कॉलेजच्या दारात उभा! आम्ही समोरच्या रसवंतीत बसलो. त्याने रसाला हात लावला नाही.

"मला सोळाव्या वर्षी गालगुंड झालतं. खाली बी सूज आलती. तवापसनं लग्नाचं नाव काढू देत न्हाय मी कुनाला." तो टेबलाकडेच बघत होता. "तुमी मला आवडता. लई. पन दोष माझ्यात निघाला, तरी लोक वांज तुमास्नीच म्हनतील. आईनं चार मेंढ्या घालवल्या... पाचवी मला न्हाय घालवायची."

म्हणून हा महिनाभर गायब!

"सूज एका बाजूला होती, की दोन्ही?"

"रसवंतीत इचारता व्हय!" तो कानापर्यंत लाल झाला. "...एका."

"मग बहुतेक काही बिघडलं नसेल. तपासून घ्या."

"आन् बिघडलं असंल तर?"

मुलं मला फार आवडतात. बाबा या लग्नाला हो म्हणतील की घर डोक्यावर घेतील, तेही ठाऊक नव्हतं. डोक्यात नुसता कालवा. पण त्या महिन्याभरात मी स्टँडवर किती एसट्या सोडल्या होत्या, ते मला माहीत होतं.

"शंभूराज, उद्या तपासायला जा. पण माझा होकार आज घेऊन जा."

"रिपोर्ट तर येऊ द्या..."

"नाही. रिपोर्ट चांगला आला म्हणून हो म्हणाले, असं मला स्वतःलाही कधी वाटायला नको."

त्याने वर पाहिलं. डोळे पाणावले होते, पण हसू परत आलं होतं. मग त्याने बाकावरचा माझा रिकामा डबा उचलून आपल्या मांडीवर घेतला.

"आज बी कुल्फी न्हाय व्हय?"

"नाही."

"ऱ्हाऊ द्या. घरापत्तूर मी धरतो."

"घरी बाबा असतील."

डबा घट्ट छातीशी धरून तो उठला.

"चला," तो म्हणाला.