काटा हिरव्यावर होता

थंडपेटी जागेवर नव्हती.

चाचणीच्या खोलीचं कुलूप तुटून लोंबत होतं. टेबलावर पेटीखालचा रबरी पाट तेवढा उरला होता. दारात मिस्त्री उभा होता, वर्कशॉपचा मुख्य कारागीर. एरवी त्याच्या तोंडाला विश्रांती नसायची, आज शब्द फुटत नव्हता.

"दुपारी समिती येतेय," तो कसाबसा म्हणाला. "काय दाखवायचं त्यांना? हा पाट?"

चौकशीबाईने तुटलेलं कुलूप हातात घेऊन निरखलं. खरं तर ती संशोधक. गरीब देशांत नवी यंत्रं जन्माला येतात कशी, आणि आली तरी लोकांपर्यंत पोचता पोचता मान का टाकतात, हा तिचा विषय. त्यापायी ती या वर्कशॉपमध्ये ठाण मांडून बसली होती आणि दिसेल त्याला प्रश्न विचारून भंडावत होती. हे नाव त्यातूनच पडलेलं. वर्कशॉप तिच्या थोरल्या भावाचं, दादाचं; त्याचं घरही त्याच आवारात. विजेशिवाय, फक्त उन्हावर चालणारी, लस गार ठेवणारी पेटी त्याने बनवली होती. तशीच एक पेटी जवळच्या दवाखान्यात आधीच चालू होती; आज सरकारी समितीने होकार दिला की अशा पेट्या शेकडो दवाखान्यांत जाणार होत्या.

अंगणात पोलिसांची गाडी उभी होती आणि मागच्या बाकावर मामा बसला होता.

मामा म्हणजे फाटकावरचा पहारेकरी. फौजदाराचा हिशेब सरळ होता. खोलीचं कुलूप तुटलेलं, फाटकाचं शाबूत, आणि फाटकाची किल्ली एकट्या मामाकडे.

"दुपारपर्यंत पेटी सापडली तर ठीक," फौजदार म्हणाला. "नाहीतर म्हातारा चौकीत. मग तिथून सुटणं माझ्याही हातात नाही."

चौकशीबाई गाडीच्या खिडकीशी गेली.

"मामा, फाटक उघडलं होतंत?"

"नाही."

"डोळा लागला असेल?"

"बाई, त्या पेटीवर मी झोपेन?" मामाचा आवाज चिरकला. "माझ्या नातीला लस कुठल्या पेटीतली मिळाली? दवाखान्यातल्या जुळ्या पेटीतली. पहिला मान तिचा! येईल त्या पाहुण्याला सांगतो मी. आणि मी चोरी करीन?"

खरंच सांगायचा तो. ऐकून ऐकून सगळ्यांचे कान किटले होते. आज मात्र तिने ते नीट ऐकलं. या माणसाला इथून जाऊ द्यायचं नाही, एवढं तिने मनाशी पक्कं केलं.

ती पुन्हा खोलीत आली. कोपऱ्यात साधा, विजेवरचा फ्रिज होता. तिने सहज दार उघडलं.

आत लसीच्या बाटल्या होत्या. ओळीने, ट्रेमध्ये, खाली ओला रुमाल घालून.

"मिस्त्री, या बाटल्या पेटीत होत्या ना?"

"होत्या की. समितीला दाखवायला दवाखान्यातल्या सिस्टरनेच आठवड्यापूर्वी आणून ठेवल्या." मिस्त्रीने डोळे विस्फारले. "इथे कुणी ठेवल्या? आपला नियम आहे, पेटी हलवायची तर आधी बाटल्या फ्रिजमध्ये, ओल्या रुमालावर. पण चोर कशाला पाळेल आपला नियम?"

"मामा कधी पेटी उघडायचे?"

"मामा? ते पेटीला हातसुद्धा लावायचे नाहीत. लांबून नमस्कार."

तिने एक बाटली उचलली. प्रत्येक बाटलीवर एक गोल ठिपका असतो आणि त्यात फिका चौकोन. उष्णता लागली की चौकोन गडद होत जातो. गोलाइतका गडद झाला की ती लस फेकून द्यायची. या बाटलीवरचा चौकोन काळपट पडला होता. तिने दुसरी उचलली, तिसरी उचलली. सगळ्यांचं तेच.

"पेटीचा तापमानाचा काटा रोज कोण बघायचं?"

"मी. काटा हिरव्यावर होता. रोज. आईची शप्पथ."

तेवढ्यात दवाखान्याची सिस्टर धावत आली. बातमी कळल्याबरोबर तशीच निघाली होती. चौकशीबाईने तिच्यासमोर बाटली धरली. सिस्टरचा चेहरा उतरला.

"आणताना ठिपके बघितले होतेस?"

"बघून आणल्या. फिके होते, अगदी ताजे."

"एका रात्रीच्या उकाड्याने असे होतील?"

"छे! त्याला कितीतरी दिवस ऊन खावं लागतं."

"दवाखान्यातल्या पेटीतून लस काढताना ठिपके बघतेस?"

सिस्टरने मान खाली घातली. "आम्हाला शिकवलंय, नवी पेटी आली की ठिपक्याच्या भानगडीत पडायचं नाही. फक्त काटा बघायचा. तेच तर या पेटीचं कौतुक होतं. आज तर लसीकरणच नाही. काल संध्याकाळी दादांचा निरोप आला, पाहुणे येतायत, आजचं पुढे ढकला."

"काल संध्याकाळी? पेटी चोरीला जायच्या आधी?"

"हो. का गं?"

चौकशीबाईने बाटली ट्रेमध्ये परत ठेवली. लहानपणी तिची सायकल मोडली की रात्र रात्र जागून दुरुस्त करून देणारा दादा तिच्या डोळ्यांसमोर आला. आपण कशाच्या मागे लागलोय, हे तिला कळलं होतं, आणि कळलं नसतं तर फार बरं झालं असतं.

दादा अंगणात डोकं धरून बसला होता. ती त्याच्याजवळ गेली.

"दादा, तुला मला काही सांगायचंय का?"

"काय सांगू? सगळं बुडालं."

"मामांना नेतायत."

त्याने डोकं आणखीच खाली घातलं. गाडीकडेही त्याने पाहिलं नाही.

मग ती वर्कशॉपच्या मागे गेली. तिथे एक शेड होती. फसलेल्या पेट्या तिथे टाकायच्या. कारागीर त्या शेडला थट्टेने स्मशान म्हणत आणि तिकडे फिरकत नसत.

समिती आली ती रिकाम्या टेबलापाशी. अध्यक्षीणबाई फौजदाराशी बोलत होत्या. दादा भिंतीला टेकून उभा होता.

"पेटी सापडलीय," चौकशीबाई म्हणाली. "मागच्या शेडमध्ये आहे, एका जुन्या पेटीच्या पत्र्याच्या खोक्यात."

मिस्त्री ओरडला, "स्मशानात? कुणी नेली?"

"सगळ्यांनी मामांचं बोलणं खोटं धरलं. मी खरं धरून बघितलं. फाटक उघडलंच नसेल तर पेटी आवारातच असणार. आणि आपल्या आवारात कुणी बघत नाही अशी जागा एकच. आपली अपयशं आपण कधी उघडून बघतो का?"

तिचा आवाज कापत होता. तरी ती बोलत राहिली.

"चोराने बाटल्या काढून फ्रिजमध्ये ठेवल्या, त्याही रुमाल घालून. म्हणजे डोकं चोराचं होतं, पण हात इथल्याच माणसाचे. रोजची सवय सुटली नाही. मामा पेटीला हात लावत नाहीत, म्हणून ते नव्हेत. आता बाटल्या बघा. ठिपके काळे आहेत. एका रात्रीत ते तसे होत नाहीत. म्हणजे पेटी इथे असतानाच आतून तापत होती आणि काटा मात्र हिरव्यावर थांबून होता. काटा अडकलेला आहे. हे मिस्त्रीला माहीत नव्हतं, सिस्टरला नव्हतं. पण कालच कुणाला तरी कळलं. कारण काल संध्याकाळीच कुणीतरी दवाखान्यातलं लसीकरण थांबवलं."

सिस्टरने तोंडावर हात ठेवला. सगळ्यांच्या नजरा भिंतीकडे वळल्या.

"दादा," ती म्हणाली. "आता तरी बोल रे."

दादा भिंतीपासून एक पाऊल पुढे आला. मग एकदम त्याचा बांध फुटला.

"काय बोलू? समितीपुढे बाटल्या दाखवायच्या, म्हणून काल पेटी उघडली. बाटल्या बघून पायाखालची जमीन सरकली. उन्हात धूळ बसली की पेटीचा पंखा बंद पडतो आणि काटा चिकटतो. मला दुरुस्तीला एक मोसम हवा होता, फक्त एक. पण पेटी नापास झाली की वर्कशॉप बंद. एवढी माणसं रस्त्यावर. चोरीला मुदतवाढ मिळते, चुकीला मिळत नाही. विचारा यांना!"

अध्यक्षीणबाईंनी नजर चुकवली. "नियम तसाच आहे," त्या हळूच म्हणाल्या.

"मामांचं नाव येईल असं मनातसुद्धा नव्हतं."

"सकाळी तर आलं होतं," चौकशीबाई म्हणाली. "तेव्हा गप्प बसलास."

तिला त्याचा भयंकर राग आला होता, आणि त्याला जवळ घ्यावंसंही वाटत होतं. तिने दोन्हीतलं काहीच केलं नाही.

फौजदाराने खूण केली. मामाला गाडीतून उतरवलं. तो खोलीत आला, सगळ्यांची तोंडं पाहिली, मिस्त्रीकडून सारं ऐकून घेतलं. मिस्त्रीला वाटलं, आता म्हातारा दादाच्या कानाखाली वाजवणार.

मामाने चोरीचं नावही काढलं नाही.

"दादा," तो म्हणाला, "माझ्या नातीला दिली ती लस... ती चांगली होती?"

"काटा हिरव्यावर होता, मामा," सिस्टर पुटपुटली आणि आपलंच वाक्य ऐकून रडू लागली.

"मी दादांना विचारतोय."

दादाने पहिल्यांदा त्याच्या डोळ्यांत पाहिलं. "माहीत नाही, मामा. खरंच माहीत नाही. त्या पेटीतून ज्यांना ज्यांना दिली, त्यांतल्या कुणाचंच सांगता येणार नाही. सगळ्यांना पुन्हा द्यावी लागेल."

अध्यक्षीणबाई काहीतरी कागद पुढे करत होत्या. दादाचं तिकडे लक्ष नव्हतं. तो नुसता उभा होता, हात लोंबते सोडून.

मामाने डोळे पुसले आणि खिशातून फाटकाची किल्ली काढली.

"मग उभे काय राहिलात? गाडी काढा. सिस्टर, चांगली लस घ्या बरोबर. घरं मी दाखवतो."

तो फाटक उघडायला निघाला. दादा त्याच्या मागोमाग चालू लागला.