कोरड्या हातावरच्या सुरकुत्या

ठोकताई हे नाव त्यांना पेशंटांनीच बहाल केलं होतं. त्यांच्या फिजिओथेरपीच्या दवाखान्यातलं शॉकवेव्हचं मशीन स्नायूवर टेकवलं की ठकठक ठोके देई, आणि ताईसुद्धा कुणाचे लाड करत नसत. पोहायला शिकवणाऱ्या बाईंचे यजमान पहिल्या दिवशी घाबरले होते.

"शॉक म्हणजे करंट नाही ना? घरी माझा फ्यूज आधीच उडालेला असतो."

"करंट नाही हो. नुसत्या दाबाच्या लहरी."

बाई स्कूटरवरून पडल्या, तेव्हा कोपराजवळची नस चिरडली. तेव्हापासून उजव्या हाताची बोटं मिटत नव्हती. ज्या हाताने इतक्या पोरांना पाण्यात तोलून धरलं, त्याला साधा चमचा धरवेना. नस हळूहळू वाढत परत येते, पण ती पोचेपर्यंत स्नायूने तग धरायला हवा. म्हणून हे ठोके. सोमवारी सर्जन शेवटचं तपासणार होते. तोवर एकही बोट हललं नाही, तर हात जन्मभर असाच.

ताई दर खेपेला बाईंचा हात कोमट पाण्यात बुडवून ठेवत. नस जिवंत असेल तर बोटं सुरकुततात. बाईंची गुळगुळीतच राहत.

त्या दुपारी पाणी आणायच्या आधीच ताईंनी हात उलटा केला आणि त्या थबकल्या. अंगठा, तर्जनी, मधलं बोट, तिन्ही सुरकुतलेली. हात मात्र कोरडा ठणठणीत.

"भांडी घासलीत की काय?"

"या हाताने?" बाई हसल्या.

"मग तलावावर गेला असाल."

"तलाव दुरुस्तीला काढलाय," यजमान म्हणाले. "महिनाभर थेंब नाही त्यात."

ताईंनी हात नाकाजवळ नेला. क्लोरिनचा वास येत होता. त्यांनी पुन्हा हुंगून पाहिलं, पण नवलापेक्षा आनंद मोठा होता. नस जिवंत होती! वासाचं काय ते मागाहून बघू, असं म्हणून त्यांनी जेल लावलं आणि मशीन सुरू केलं.

थोड्या वेळाने बाई बोलायच्या थांबल्या.

"ताई, जरा बंद करा."

"दुखतंय?"

"नाही. हाताला ओझं लागलंय."

मशीन बंद झालं. कातडीखालचा स्नायू थरथरतच राहिला.

मग बोटं मिटू लागली. पूर्ण नाही. एखादं बारीक मनगट मावेल, एवढीच.

हात टेबलावरून सुटला. सावकाश वर आला, जड काही ओढत असल्यासारखा.

बोटं सैल पडली.

"आलं पोर वर," बाई पुटपुटल्या.

यजमान खुर्चीतून उठले होते. "हलली ना? बोटं हलली ना हो?"

"हलली कसली, मिटली!" ताई जवळजवळ ओरडल्याच. "बाई, तर्जनी वाकवा बघू. स्वतःहून."

तर्जनी वाकली. पुन्हा वाकली. यजमान लहान मुलासारखे रडू लागले, बाई त्यांना हसू लागल्या, आणि ताईंनी आयुष्यात पहिल्यांदा पेशंटला मिठी मारली. सोमवारी सर्जनना आपणच फोन करायचा, असं त्यांनी ठरवून टाकलं.

जेल पुसायला त्यांनी बाईंचा हात हातात घेतला. मनगटाच्या आतल्या बाजूला चार इवल्या नखांचे ओरखडे होते. ताई बघत असतानाच त्यांत रक्त भरून आलं.