गुलाबी पाण्यात

सुट्टी असो नाहीतर आजारपण, काचेच्या बशीत वाढवलेल्या पेशींना खायला घालावंच लागतं. त्या दुपारी ताई त्याच कामासाठी प्रयोगशाळेत आली होती. जुनं पोषकद्रव काढायचं, ताजं घालायचं, मायक्रोस्कोपखाली एक नजर टाकायची आणि मग समोरच्या इस्पितळात भावाला भेटायला जायचं. प्रयोगशाळेत सगळेच तिला ताई म्हणत, पण त्या शब्दावर खरा हक्क त्या एकट्याचा.

भाऊ तिच्याहून बराच लहान. लोकांना पोहायला शिकवायचा. एका सकाळी उथळ पाण्यात सूर मारला आणि मानेचा मणका मोडला. तेव्हापासून मानेखालचं शरीर त्याचं असून नसल्यासारखं. डॉक्टरांनी हात टेकले. ताईने टेकले नाहीत.

उभं आयुष्य तिने मूळपेशींपायी घालवलं होतं. मूळपेशी म्हणजे अजून काहीच न झालेली पेशी. हाड होईल, कातडी होईल, मज्जातंतूही होईल. काय व्हायचं ते बरंचसं तिच्या पायाखालची जमीन ठरवते. ताई ती जमीन विणायची. केसापेक्षाही कितीतरी बारीक, नुसत्या डोळ्यांना न दिसणारे नॅनो धागे, नांगरलेल्या शेतातल्या सऱ्यांसारखे एकाशेजारी एक. पेशी त्या सरीत अंग लांब करते आणि हळूहळू मज्जातंतू होते. निदान व्हायला हवी. भावाच्या हाडातून काढलेल्या पेशी मात्र बशीमागून बशी मरत गेल्या. उरली होती ती शेवटची. पुन्हा हाड टोचणं त्याला झेपणार नव्हतं.

मायक्रोस्कोपची खोली भरदुपारीही काळोखी ठेवलेली असे. स्पिरिटचा उग्र वास, आणि त्याखाली ओलसर, उबदार, अंगाला येतो तसा वास. ताईने बशी ठेवली, दिवा लावला आणि डोळा भिंगाला लावला.

पेशी जगल्या होत्या. नुसत्या जगल्या नव्हत्या, त्यांना लांब, चिवट तंतू फुटले होते. पण सरीतून एकही तंतू गेला नव्हता. सगळे आडवे, सऱ्या ओलांडून एकाच बाजूला ताणलेले... भिंतीकडे. भिंतीपलीकडे रस्ता होता आणि रस्त्यापलीकडे इस्पितळ.

आपणच बशी तिरकी ठेवली असेल म्हणून तिने ती फिरवून ठेवली. दुसऱ्या दिवशी तंतू पुन्हा भिंतीकडेच वळलेले होते.

"ताई, तो दिवा जरा कमी करायला सांग ना," त्या संध्याकाळी भाऊ म्हणाला.

खोलीत दिवा लागलेला नव्हता. पडदे ओढलेले होते.

"कुठला दिवा रे?"

"दुपारी लावतात तो. डोळ्यांना नाही लागत... सगळीकडे लागतो. खालून."

दुपारी दिवा लावला होता तो ताईनेच, बशीखाली. दुसऱ्या दिवशी तिने बशी आपल्या तळव्यांत धरली, ऊब मिळेपर्यंत. मग रस्ता ओलांडून धावतच गेली.

"आज बरं वाटतंय," तो हसून म्हणाला. "कुणीतरी हातात धरल्यासारखं. पण ताई, पाणी गुलाबी का आहे?"

पोषकद्रवाचा रंग गुलाबी असतो, हे तिने त्याला कधीच सांगितलं नव्हतं.

तिने त्याचे निर्जीव हात घट्ट धरले. "आणखी काय जाणवतं? सांग ना, राजा. आणखी काय?"

"पाय," तो कुजबुजला. "तिथे मला पाय आहेत."

माणूस बुडायला लागला की हाताला लागेल ते धरतो. ताईने हे धरलं. कुणाला चकार शब्द सांगितला नाही. बशीला वेळेवर खायला घातलं, काळोखात तिच्याशी बोलत बसली. बशी भरत गेली आणि पलंगावरचा भाऊ रिता होत गेला. आवाज बारीक झाला. तिच्याकडे बघताना नजर भलतीकडेच असायची. डॉक्टर तपासण्या करून थकले.

"आम्हाला जागा पुरत नाहीये," एकदा तो म्हणाला.

"आम्हाला? आम्ही कोण?"

"माहीत नाही... दाटी झालीय, ताई. त्यातला मी कुठला, तेच कळत नाही."

ताई तिथून उठली. जिन्यात बसून पदराचा बोळा तोंडात कोंबून रडली. मग प्रयोगशाळेत गेली आणि कपाटातून ब्लीचची बाटली काढली.

"परत जा रे," ती बशीवर वाकून म्हणाली. "नकोत मला तुझे पाय. जन्मभर उचलीन तुला, भरवीन. तू तेवढा राहा. परत जा... सगळं सोडून परत जा."

तिने ब्लीच ओतलं. गुलाबी रंग क्षणात उडाला. मायक्रोस्कोपखाली तंतू थरथरले, आखडले आणि एकेक करून सुटले. सुटताना सगळ्यांची टोकं भिंतीकडेच होती.

फोन वाजला. वॉर्डातली सिस्टर धापा टाकत होती. "मॅडम, लवकर या! तुमचा भाऊ... अहो, तो उठून बसलाय!"

रस्ता कसा ओलांडला, तिला कळलंच नाही. तो खरंच बसला होता, पाय पलंगावरून खाली सोडून. दारात सिस्टर रडत हसत होती. त्याने हात पुढे केले, दोन्ही, आणि ताईने स्वतःला त्या हातांत झोकून दिलं. किती महिन्यांनी त्याने तिला कवेत घेतलं होतं! त्याची पकड घट्ट होती. फार घट्ट, कातडीत बारीक तंतू रुतावेत तशी.

"आलास ना?" ती हुंदके देत म्हणाली. "आलास ना रे परत?"

तिचा कान त्याच्या छातीवर दाबला गेला होता. ठोक्यांच्या मागून, अगदी आतून, पाण्याखालून यावी तशी हाक आली. "ताई..." मग दुसरी. मग कितीतरी, एकमेकींत मिसळलेल्या. तिने मान वर केली. त्याचे ओठ मिटलेले होते.

मिठी सोडवून घ्यायचा प्रयत्न तिने केला नाही. पुन्हा कान टेकला आणि त्या गलबल्यात आपल्या भावाचा आवाज शोधू लागली. तो काही सापडेना. एक आवाज मात्र तिने लगेच ओळखला. बाईचा होता, घाबराघुबरा, श्वास कोंडल्यासारखा.

तो तिचा स्वतःचा होता.