शेकडा तीन कमी

तांब्याच्या पन्नास वेढ्यांच्या कड्यातून वीस अँपिअर प्रवाह सोडला, की बाहेरून मोजणाऱ्या यंत्राला तो हजार अँपिअर भासतो. या साध्या युक्तीवर केतकी निफाडकर गेली अठ्ठावीस वर्षं नोकरी करत होती. अंबडच्या औद्योगिक वसाहतीतल्या त्या प्रयोगशाळेत जिल्ह्यातले सगळे पकडमापक तपासायला येत. तार न तोडता, नुसता जबडा उघडून तिच्याभोवती मिटला की आतला प्रवाह सांगणारं हे हातातलं यंत्र. वायरमन त्याला टाँग टेस्टर म्हणत, आणि केतकीबाईंच्या सहीची पट्टी त्यावर चिकटवलेली दिसल्याशिवाय त्याच्या आकड्यावर विश्वास ठेवत नसत.

तर अशा बाईंना त्या सोमवारी सकाळी मापन शिकवलं जात होतं, आणि शिकवणारी होती प्रयोगशाळेची नवी संचालक हर्षदा कुलथे.

"प्रत्येक मापकात आपण एक संवादपट्टी बसवतोय," हर्षदा सांगत होती. "दोन मापक एकाच तारेवर भेटले की आपापली रीडिंग एकमेकांना सांगतात. ज्याचा विश्वासांक कमी, तो जास्त विश्वासांकवाल्याप्रमाणे स्वतःला दुरुस्त करून घेतो. दुरुस्त झाला की त्याचाही विश्वासांक वाढतो, मग तो पुढच्याला दुरुस्त करतो. मापक दरवर्षी इथे आणायची गरजच नाही. याचं नाव अनुकरण-शोधन."

"म्हणजे कॉपी," केतकी म्हणाली.

हर्षदा हसली. जरा जास्तच हसली, असं केतकीला वाटलं.

"कॉपीच. पण हुशार मुलीची."

"आणि चुकणाऱ्याची कॉपी केली तर?"

"चारचौघांपेक्षा वेगळं बोलणाऱ्याचा विश्वासांक घसरतो. आणि ज्याचं रीडिंग एकदम बदललं, तो हातातून पडलेला आहे असं मापकांचं हे जाळं धरून चालतं आणि त्याला वाळीत टाकतं."

"नव्याने आलेल्याला किती विश्वासांक?"

"शंभरापैकी पन्नास. सगळ्यांना सारखा." हर्षदाने चष्मा कपाळावर चढवला. "यातून काय मिळणार, ते बघ. आज मापकांवर भरवसा नाही म्हणून आपण प्रत्येक केबलवर दहा टक्के राखीव सोडतो. चारशे अँपिअरची केबल तीनशे साठवरच थांबवतो. सगळे मापक बिनचूक झाले तर दोन टक्के राखीव पुरेल. तीनशे ब्याण्णवपर्यंत जाता येईल. नव्या तारा न ओढता उन्हाळा निघेल. आणि हो, पहिला मापक तुझा नोंदवायचाय. क्रमांक एक. दुपारी आणून दे."

जाता जाता तिने शिपायाला सांगून तांब्याच्या कड्यावर प्लॅस्टिकचं कव्हर घालायला लावलं. आता लागणार नाही, उगीच धूळ बसते, म्हणाली. केतकीच्या अंगाची लाही लाही झाली.

हर्षदाबद्दल केतकीच्या पोटात दुखायला लागलं त्याला तीस वर्षं होऊन गेली होती. दोघी एका तंत्रनिकेतनात, एका वसतिगृहात, एका खोलीत. अभ्यास केतकी करायची, हर्षदा खिडकीत बसून गाणी म्हणायची. डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षी मापनाच्या प्रॅक्टिकलला केतकीला पन्नासपैकी अठ्ठेचाळीस मिळाले आणि हर्षदाला एकोणपन्नास. त्या एका मार्काने पदक हर्षदाच्या गळ्यात पडलं. पदकामुळे बंगळूरची नोकरी, नोकरीमुळे परदेश, आणि आता परदेशामुळे ही इथली संचालकाची खुर्ची. एक मार्क मनातून काढून टाकायला तीस वर्षं पुरायला हवी होती. पण केतकी तो अधूनमधून बाहेर काढायची, पुसायची आणि पुन्हा जागेवर ठेवायची.

गेल्या महिन्यात तर हद्दच झाली. सिन्नरचा वायरमन भिकन सोनवणे, जो प्रयोगशाळेत आला की टपरीवरून पहिला चहा बाईंसाठी आणायचा, तो दोन ग्लास घेऊन थेट हर्षदाच्या केबिनमध्ये शिरला. "नव्या मॅडम लई साध्या हायेत बाई," असं वर केतकीलाच सांगून गेला. त्या दिवशी केतकीला जेवण गेलं नाही.

त्या सोमवारी दुपारी तिने आपला जुना मापक टेबलावर घेतला. नवी संवादपट्टी त्यात सकाळीच बसवून झाली होती. तिने मागचं झाकण उघडलं आणि आतला बारीक स्क्रू जरासा डावीकडे फिरवला. कव्हर वर करून कड्यावर लावून बघितलं. हजाराच्या जागी नऊशे सत्तर. शेकडा तीन कमी.

तिचा हिशेब सरळ होता. आपला मापक पन्नास विश्वासांकाने जाळ्यात जाईल. पन्नासवाल्याचं कोण ऐकतंय? दहा दिवसांनी वितरण कंपनीची माणसं प्रात्यक्षिक बघायला येतील, तेव्हा चालू केबलवर हर्षदाचे मापक एक सांगतील आणि केतकी निफाडकरांच्या सहीचा मापक दुसरंच. पाहुणे कुणाकडे बघतील हे सांगायला नको. तिथल्या निम्म्या इंजिनिअरांना जबडा कसा धरायचा ते तिनेच शिकवलं होतं. हर्षदाची जराशी फजिती होईल. मग आपण म्हणायचं, थांबा, माझाच पुन्हा तपासते, आणि स्क्रू गुपचूप जागेवर आणायचा. एका दिवसाची फजिती, बाकी काही नाही. तिला खरोखरच दुसरं काही नको होतं.

झाकण लावताना एक गोष्ट मात्र तिच्याकडून राहिली. अठ्ठावीस वर्षं ती प्रत्येक वायरमनला एकच प्रश्न विचारत आली होती: "शून्य बघितलं का?" मोजण्याआधी जबडा रिकामा मिटून आकडा बघायचा. आधी मोजलेल्या मोठ्या प्रवाहाचं थोडं चुंबकत्व जबड्याच्या लोखंडात मागे राहतं, आणि मग समोर काही नसतानाही यंत्र काहीतरी दाखवत बसतं. ते काढून टाकल्याशिवाय मोजलेलं सगळं फुकट. त्या दिवशी तिने शून्य बघितलं नाही.

दहा दिवस जिल्ह्यातले मापक आळीपाळीने येत राहिले, प्रयोगशाळेच्या शेडमधल्या केबलवर क्रमांक एकच्या शेजारी बसून परत जात राहिले. प्रात्यक्षिकाच्या दिवशी पाहुणे आले. हर्षदाने वेगवेगळ्या तालुक्यांतून मागवलेले दहा मापक त्याच केबलवर ओळीने लावले, आणि अकरावा केतकीचा.

अकराही पडद्यांवर एकच आकडा होता. तीनशे अठ्ठ्याऐंशी.

टाळ्या वाजल्या. "निफाडकर मॅडमच्या मीटरशी जुळतंय म्हटल्यावर प्रश्नच मिटला," एक साहेब म्हणाले. हर्षदाने केतकीचा हात धरून तिला फोटोसाठी पुढे ओढलं. केतकी हसली, पण तिला त्या हाताचा चटका बसल्यासारखं झालं.

सगळे जेवायला गेल्यावर तिने कड्यावरचं कव्हर काढलं. आपला मापक लावला. नऊशे सत्तर. स्क्रू हलला नव्हता. मग येवल्याहून आलेला लावला. नऊशे सत्तर. निफाडचा लावला, इगतपुरीचा लावला. सगळे नऊशे सत्तर. पन्नास विश्वासांकाच्या एका मापकाने सगळा जिल्हा आपल्या मागे कसा ओढला, ते तिला कळेना. कळलं एवढंच, की केबलमध्ये चारशे अँपिअर वाहत होते आणि साऱ्या जगाला ते तीनशे अठ्ठ्याऐंशी वाटत होते.

तेव्हाच जाऊन सांगायला हवं होतं. ती गेली नाही. हर्षदासमोर उभं राहून "मी स्क्रू फिरवला" असं म्हणणं तिच्याने होणार नव्हतं. शिवाय मनाच्या एका कोपऱ्यात, खोटं कशाला बोला, थोडं बरंही वाटत होतं. तुझं एवढं मोठं जाळं, आणि ते चुकलंय, आणि हे फक्त मला माहीत आहे.

ते बरं वाटणं आठ दिवस टिकलं. नवव्या दिवशी, शनिवारी सकाळी, भिकन आला. डाव्या तळव्याला बँडेज होतं आणि उजव्या हातात एक जुना, काच तडकलेला टाँग टेस्टर.

"काय झालं रे?"

"सिन्नरला नवी दोन टक्क्याची राखीव चालू केली ना बाई, टेस्टिंगसाठी. मीटर म्हनतो तीनशे ब्याण्णव, म्हनजे बरोबर लिमिटात. म्या निवांत व्हतो. आन् केबलच्या टोकाला जोडायचा लग असा तापला का वितळून उडाला. हातावरच निभावलं." त्याने जुना मापक टेबलावर ठेवला. "ह्याच्यात ती नवी संवादपट्टी बसवायची राहून गेली व्हती. उगं लावून बघितला. ह्यो म्हनतो चारशे चार. वर चिकटवलेली सही तुमचीच हाये बाई, मागल्या सालची. मंग खरं कोन?"

केतकीने तो मापक हातात घेतला. सही तिचीच होती. खरं कोण, हे विचारायला तो तिच्याकडे आला होता.

"डोळ्याला काही झालं नाही ना?"

"न्हाई. तोंड फिरवलेलं व्हतं." तो हसला. "बाई, तुमी म्हनता तसं शून्य बघितलं व्हतं मी. दोन्हींचं."

तिला त्याच्या बँडेजकडे बघवेना. लग सैल असणार, हे तिला कळत होतं. पण दहा टक्के राखीव होती तोवर असे सैल लग तग धरून होते. प्रवाह शेकडा तीन वाढला की उष्णता सहा वाढते, आणि ते सहा तिने स्वतःच्या हाताने घातले होते. सोमवारी सकाळी अकरा वाजता हीच नवी मर्यादा साऱ्या जिल्ह्याला लागू होणार होती. सिन्नरला एक भिकन होता. जिल्ह्यात अकराशे होते.

तरीही आधी तिने पळवाटच शोधली. आपल्यामुळे सगळे चुकले, तर आपण सुधारलो की सगळे सुधारतील. तिने झाकण उघडलं, स्क्रू जागेवर आणला, कड्यावर हजार मिळाल्याची खात्री केली आणि क्रमांक एक शेडमधल्या केबलवर इतरांच्या शेजारी लावला. दहा सेकंद काही झालं नाही. मग त्याच्या पडद्यावर लाल अक्षरं आली: मापक सदोष. अचानक बदल. दुर्लक्ष करावे.

सबंध जिल्ह्यात तो एकटाच खरं बोलत होता, आणि जाळ्याने त्याला वाळीत टाकलं.

ती मापक हातात घेऊन तडक हर्षदाच्या केबिनमध्ये गेली. बसली नाही. भिकनचा हात, जुना मापक, स्क्रू, फजितीचा बेत, सगळं एका दमात सांगितलं. शेवटी म्हणाली, "मला तुझं कधीच बघवलं नाही. त्या एका मार्कापासून."

हर्षदाने फोन उचलला. वितरण कंपनीला सांगितलं, सिन्नर ताबडतोब जुन्या मर्यादेवर आणा, सोमवारचा आदेश थांबवा, अकराशे मापक परत पाठवा. पलीकडून कारण विचारलं असावं. "आमच्या मूळ मापकात चूक होती. लेखी पाठवते," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

"एक कळत नाही," केतकी म्हणाली. "पन्नासच विश्वासांक होता माझा. सगळ्यांनी माझं ऐकलं कसं?"

"तुझा पन्नास नव्हता."

"मग?"

"शंभर. मी हाताने लिहिला."

केतकीने हातातला मापक टेबलावर ठेवला.

"अगं, कुठून तरी सुरुवात करावी लागते ना," हर्षदा म्हणाली. "सगळेच पन्नास असले तर कुणी कुणाचं ऐकायचं? कुणातरी एकावर डोळे मिटून विश्वास टाकावाच लागतो. मला दुसरं कुणी सुचलंच नाही. प्रॅक्टिकलच्या दिवशी माझा मीटर बंद होता, केतकी. सरांना सांगायची हिंमत झाली नाही. मी पलीकडच्या टेबलावरून तुझी रीडिंग उतरवली, सगळीच्या सगळी. तेव्हाच डोक्यात बसलं, की स्वतःचं मोजण्यापेक्षा हिचं उतरवलेलं बरं. हे सगळं जाळं त्यातूनच निघालंय. तुला सांगेन सांगेन म्हणत तीस वर्षं गेली."

केतकी खाली बसली. जिचा इतकी वर्षं हेवा केला, ती इतकी वर्षं आपल्यालाच प्रमाण धरून चालली होती. आणि तिने पहिल्यांदा उघडपणे आपलं रीडिंग मागितलं, तेव्हा आपण तिला आपला मत्सर मोजून दिला. शेकडा तीन. भिकनच्या तळव्यावर तो उमटलासुद्धा.

"माझीच रीडिंग होती," ती म्हणाली, "तर तुला एक मार्क जास्त कसा?"

"अक्षर चांगलं होतं माझं."

केतकीला हसू आलं आणि त्याच्या पाठोपाठ रडू. हर्षदाने तिला रडू दिलं. ती रागावलेली होती, आणि ते तिने लपवलं नाही. भिकनला जाऊन दोघींनी सांगायचं, लेखी अहवालात दोघींची नावं घालायची, हे तिने तिथेच ठरवून टाकलं. केतकीने मान हलवली.

मंगळवारपासून मापकांची खोकी येऊ लागली. अनुकरण बंद होतं, त्यामुळे अकराशेच्या अकराशे हातांनी तपासायचे होते. हर्षदाने स्वतः तांब्याच्या कड्यावरचं कव्हर काढलं, त्याची घडी घातली, नोंदवही उघडली आणि सवयीने पेन हातात घेऊन केतकीच्या शेजारी बसली.

"शून्य बघितलं का?" केतकीने विचारलं.

"बघितलं. तू रीडिंग सांग, मी उतरवते."

केतकीने तिच्या हातातलं पेन काढून घेतलं आणि वही स्वतःकडे ओढली.

"नाही," ती म्हणाली. "या वेळी तू वाच."