जखमवाला

दुपारच्या खेळाला थिएटरात जेमतेम पंधरा माणसं होती, तरी तो नेमका तिच्या शेजारच्या खुर्चीवर येऊन बसला. तिच्या मनात पाल चुकचुकली.

ती वर्तमानपत्रात सिनेमांची परीक्षणं लिहायची. ‘कोयतेवाला’ या खूनखराब्याच्या मालिकेचा पाचवा भाग येणार होता, म्हणून आधीचे चार भाग रोज एक असे दाखवत होते. मालिकेत दम कुठे आहे आणि ती कुठे फसते, यावर तिला लेख लिहायचा होता.

पडद्यावर कोयता पडला. सगळे किंचाळले. हा मात्र पुढे वाकून पुटपुटला, “छे! जखम फार वर झाली.”

तिने दचकून त्याच्याकडे पाहिलं. त्याच्या नखांत लाल काहीतरी साचलं होतं…

“तुम्ही… काय करता?”

“रंगकाम,” तो हसला. हसू गोड होतं, म्हणूनच तिला जास्त शंका आली.

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा हजर. तिसऱ्या दिवशीही. मध्यंतरात चहा घेताना तो विचारी, “आज भीती वाटली?”

“पहिल्या भागात वाटली. खुनी दिसतच नव्हता, नुसती शांतता होती. आता काय, पोरगी एकटीच तळघरात जाते, मरते. तिचं नावही कळत नाही, मग वाईट कसं वाटणार?”

“आणि रक्त?”

“बादलीभर. तुम्हाला फारच आवडतं वाटतं?”

“मला… समोरच्याचा चेहरा बघायला आवडतो,” तो म्हणाला आणि चहात बघत बसला.

घरी हे सगळं ऐकून ताईने कपाळाला हात लावला. “नखात लाल, रोज शेजारची खुर्ची, आणि धंद्याचं विचारलं की टाळाटाळ? कुठेतरी पाणी मुरतंय, बाई!”

चौथ्या दिवशी ते उलगडलं. दारातच थिएटरचा मॅनेजर ओरडला, “या जखमवाले! पाचव्या भागात किती जणांना रंगवलंत?”

ती जागीच थांबली. “म्हणजे ते खोटं रक्त तुम्ही बनवता! लेख गोड व्हावा म्हणून चार दिवस हे नाटक?”

“पहिल्या दिवशी तुम्ही कोण ते माहीत नव्हतं. लोक कुठे ओरडतात, ते जवळून बघायला शेजारी बसलो होतो. दुसऱ्या दिवशी तुमच्या वहीतली परीक्षणाची टिपणं दिसली, आणि मग… सांगायची हिंमत झाली नाही. तुम्ही खरं तेच लिहा.”

तिने लिहिलं, आणि हातचं राखून लिहिलं नाही. पहिल्या भागाचं मनापासून कौतुक. मग ‘तिसऱ्या भागापासून रक्त बादलीभर, भीती थेंबभर.’ शुक्रवारी लेख छापून आला. आता हा कसला परत येतोय, असं मनाशी म्हणत ती दिवसभर कचेरीच्या दाराकडे बघत राहिली.

शनिवारी तो आला. हातात कात्रण.

“तक्रार करायला आलात?”

“एक चूक दाखवायला. घसरण दुसऱ्या भागापासूनच आहे. त्यातला तुटलेला हात आठवतो? उजव्या खांद्याखाली मी डावा पंजा लावला होता. कुणाच्या लक्षात आलं नाही!”

ती हसू दाबायला गेली, पण ते फुटलंच. मग सावरून तिने विचारलं, “आता यामागे काय डाव आहे?”

“डाव नाही. मला तुम्ही आवडता… एवढंच.”

तिने त्याच्याकडे रोखून पाहिलं. कान मात्र तापले होते.

“माझा विश्वास बसलेला नाही हं अजून.”

“मग? बसायला काय करावं लागेल?”

“रोज यावं लागेल,” ती हळूच म्हणाली. “मी नीट तपासून बघणार आहे.”