चिडाचा पाळणा

प्रयोगशाळेचं दार फुगलं, म्हणून सुतार आला. दार शहाण्यासारखं लागत असतं, तर पुढचं काहीच घडलं नसतं.

रंधा मारता मारता त्यानं आत डोकावलं. एक बाई कोळसा कडकन मोडत होती आणि मोडलेल्या बाजूकडे सूक्ष्मदर्शकातून असं बघत होती, जणू आत कोणी बिऱ्हाड थाटलंय. नाकावर काळा ठिपका.

“कोळशात काय बघता हो बाई?”

“झाड.” तिनं मानही वर केली नाही. “जळलं तरी अंगकाठी ओळखू येते.”

रंधा थबकला. त्याच्या ताईला दिवस गेले होते. ज्या पाळण्यात दोघं भावंडं वाढली, तो माळ्यावरच्या आगीत गेला होता. उरला मूठभर कोळसा. आणि ताईचा हट्ट एकच – बाळ येण्याआधी तस्साच पाळणा हवा, त्याच लाकडाचा.

दुसऱ्या दिवशी तो तुकडा घेऊन हजर. तिनं मोडला, पाहिला – अक्रोड! उत्तर ओठांवर आलं, तेवढ्यात तो हसला. पाहणारे शपथेवर सांगतात, त्या हसण्यानं टेबलावरचा दिवा अंमळ मोठा झाला. उत्तर आल्या वाटेनं परत गेलं.

“नक्की नाही हो सांगता येत... जळताना लाकूड आकसतं. छिद्रं बारीक होतात, जवळ जवळ सरकतात, मापं फसतात. अजून एखादा तुकडा आणाल?”

शब्द न् शब्द खरा होता. थाप म्हणूनच तर अशी चपखल बसली.

तो आणत राहिला. एकदा तिनं त्यालाच भिंगाला डोळा लावायला सांगितलं.

“ही इवली इवली घरं?”

“पेशी. कच्च्या लाकडात शेजाऱ्यांच्या भिंती वेगळ्या, मधे सांधा. चांगली आच लागली, की सांधा दिसेनासा होतो. दोघांत मिळून एकच भिंत.”

“म्हणजे शेजाऱ्यांचं भांडण मिटलं!”

“किंवा लग्न लागलं...” ती बोलून गेली, आणि मग उगाचच साऱ्या कुप्यांची झाकणं घट्ट करत बसली.

असे आठवडे गेले. एके दुपारी तिनं नवा तुकडा मोडला आणि खुदकन हसली. यात छिद्रंच नव्हती. खोक्यांच्या फळ्यांचं लाकूड!

“अहो, ही तर चीड आहे.”

“चीड? माझी? मी काय केलं?”

“चिडाचं लाकूड! कालचा तुकडा आंब्याचा, परवाचा बाभळीचा. पाळणा होता की जंगल?”

त्याचे कान लाल झाले. “खरे कोळसे कधीच संपले, बाई. मग... चुलीतले आणले. यायला काहीतरी कारण नको?”

ती हसत राहिली असती, पण त्यानं विचारलं, “मग खरं लाकूड कोणतं? ताईला नववा लागलाय.”

हसू विरलं. “अक्रोड.”

“आज कळलं?”

“...पहिल्याच तुकड्याला.”

त्यानं टेबलावरचे सगळे तुकडे एकेक करून पुडीत बांधले. तिला वाटलं, संपलं सगळं. बाळाचा पाळणा अडवून धरणाऱ्या बाईला कोण माफ करेल?

“एकट्यानं आता वेळेत व्हायचा नाही,” तो शेवटी म्हणाला. “हाताखाली माणूस लागेल. तुमच्यामुळे उशीर झाला, तेव्हा तुम्हीच या. पॉलिशपेपर घासता येतो का?”

“नाही.”

“छान. शिकवावं लागेल.”

ती रोज काम सुटलं, की त्याच्या कारखान्यात जाऊ लागली. बाळानंही म्हणे आतून परिस्थिती ओळखली आणि दम धरला.

पाळण्याची शेवटची फळी राहिली होती. तो मागे येऊन उभा राहिला. “अहो, आडवं घासताय. रेषेला धरून घासा, नाहीतर ओरखडे पडतात.”

“ओरखडे पडले तर?”

“पुन्हा सगळं घासावं लागेल. उद्याही यावं लागेल.”

तिनं मुद्दाम हात आडवा टाकला. त्यानं तो अलगद धरला... सोडला नाही.

“बाई, कारणं पुरेत आता. ही फळी आज संपू दे. उद्या या – काहीच काम नसताना या. परवाही. आणि मग परत जाऊच नका... चालेल?”

तिनं फळी नीट समोर ओढली आणि रेषेला धरून, सरळ, भराभर घासायला लागली.