वाईट वारी दाखवलेली घरं

वाऱ्यानं छत्री उलटी केली नसती, तर रामिरो शेजारच्या कचेरीत गेला असता आणि पुढचं काहीच घडलं नसतं. पण मोंतेविदेओतला जूनचा वारा कुणाचं ऐकतो थोडंच! छत्री उलटली, तिच्यामागे तो धावला आणि छत्रीसकट घरविक्रीच्या कचेरीत, थेट यानीनाच्या टेबलापाशी येऊन थांबला. चष्म्यावरून पाणी ओघळत होतं.

"मला... घर विकत घ्यायचंय," तो म्हणाला.

"आधी टॉवेल घ्या," यानीना म्हणाली. "घरं कुठे पळून जात नाहीत."

तो शेजारच्या देशातला, रोसारिओचा. पियानो सुरात लावून द्यायचं काम करायचा. त्याची आई नेलिदा मात्र मोंतेविदेओचीच. विसाव्या वर्षी लग्न होऊन गेली ती गेलीच. आता दृष्टी विझत चालली होती, आणि एकच धोशा होता – मला माझ्या शहरात परत ने.

"ती आता कानांनीच चालते," रामिरो म्हणाला. "गल्ली शांत हवी, फुटपाथ सपाट हवा. कोपऱ्यावरच्या बेकरीत तिला एकटीला जाता आलं पाहिजे, बस."

"आणि वस्ती कुठली?"

"ते तुम्ही सांगा. तुम्ही स्वतः घेतलं असतं, तर कुठे घेतलं असतंत?"

यानीना चौतीस वर्षांची होती. सात वर्षं लोकांना घरं विकत होती आणि स्वतः भाड्याच्या खोलीत राहत होती. हा प्रश्न तिला आजवर एकाही गिऱ्हाइकानं विचारला नव्हता. वर हा माणूस उत्तर ऐकायला थांबलाही होता... टॉवेल हातात धरून, जरासा पुढे झुकून. झालं! बाईसाहेबांचं काळीज तिथेच घसरलं.

खरं तर त्याला हवं तस्सं घर तिच्या खणात किल्लीच्या रूपानं पडून होतं. प्रादो वस्तीतलं, बागेजवळचं. ते दाखवलं असतं तर तासाभरात पसंत, चार दिवसांत सह्या, आणि मग "बरंय, येतो" म्हणून हा पसार. आधी एखादं दुसरं दाखवू, तिनं मनाशी म्हटलं. एकच.

या धंद्यात पहिल्या दिवशी शिकवतात ते असं, की प्रत्येक वस्तीचा एक चांगला वार असतो आणि एक वाईट. तिचे मालक वाल्तेर म्हणायचे, "पोरी, आपण घर नाही विकत, वार विकतो." पालेर्मोतलं घर रविवारी दाखवायचं नाही, कारण संध्याकाळी ढोलवाल्यांची फौज त्या गल्लीतून जाते. ला ब्लांकेआदात फुटबॉलचा सामना असेल तर पाऊल टाकायचं नाही. दक्षिणेचा वारा सुटला, की समुद्राकाठचं घर विसरायचं.

यानीनानं रामिरोला पालेर्मोत नेलं. रविवारी.

भिंतीवरचा आरसा थरथरायला लागला. रामिरोनं दोन्ही हातांनी कान झाकले आणि हसत सुटला.

"हे रोज असतं?" तो ओरडला.

"काय?"

"रोज असतं का हे?"

"नेहमीचंच!" तीही ओरडली. खोटं किती सहज बोलता येतं, याचं तिचं तिलाच नवल वाटलं.

ढोल लांब जाईपर्यंत कोपऱ्यावर कॉफी प्यावी लागली. कॉफीबरोबर केक आला, केकबरोबर गप्पा. मग आठवड्याला एक घर, असा परिपाठच पडला; रामिरो तेवढ्यासाठी शहरात खोली घेऊन राहिला होता. सामन्याच्या दिवशी ला ब्लांकेआदा. तिथे गर्दीत हरवू नये म्हणून त्यानं तिचा हात धरला आणि गर्दी संपली तरी सोडायला विसरला. वादळी दुपारी पोसितोसचा किनारा. तिथे लाट फुटपाथवर चढून दोघांना नखशिखांत भिजवून गेली. त्यानं आपला मफलर तिच्या गळ्यात गुंडाळला, तोही ओलाच.

"तू मला मुद्दाम असल्या घरांत नेतेस," तो दात वाजवत म्हणाला. 'तुम्ही' कधीच गळून पडलं होतं.

तिनं मफलर आणखी घट्ट गुंडाळला. "मुद्दाम? ते कशाला?"

"माझा छळ करायला. दुसरं काय?" आणि तो तिच्याकडे असा बघत राहिला की...

"आईला सांगतोस हे सगळं?" तिनं घाईनं विचारलं.

"रोज फोनवर. कुठलं घर, कसला आवाज, सगळं." तो थांबला. "म्हणजे... सगळंच नाही."

तीन महिने! यानीना इतकी सुखात कधीच नव्हती. घर पाहावं बांधून म्हणतात. हिनं नुसतं दाखवून पाहिलं आणि त्यातच रमली.

सप्टेंबरातल्या एका गुरुवारी तो न कळवता आला. खुर्चीवर बसला, पण कोट काढला नाही.

"संपलं, यानीना. आई सांतियागोला जातेय, पार डोंगरांपलीकडे, माझ्या भावाकडे. त्यानं तिथे घर घेतलंय, काल सह्या झाल्या. रोसारिओचं घर आम्हाला शनिवारी रिकामं करायचंय. मलाही तिच्यासोबत जायला हवं."

"पण... घाई नाही म्हणाला होतास."

"नव्हतीच. ती थांबली असती. पण दर आठवड्याला मी तिला काय ऐकवत होतो? ढोल, दंगा, वादळ. दोन दिवस रडली आणि मग बॅगा भरायला लागली. म्हणाली, माझं शहर मेलं, रामिरो. तू आता शोधू नकोस."

यानीनानं खण उघडला. किल्ली उचलली. "एक घर राहिलंय. चल. आत्ताच्या आत्ता."

प्रादोत दुपार निवांत पसरली होती. गल्लीत एक म्हातारा वाफ्यात पाणी घालत होता, तेवढाच आवाज. रामिरोनं प्रत्येक घरात करायचा तशी, आवाज कसा घुमतो ते बघायला, एकदा टाळी वाजवली आणि कान देऊन उभा राहिला. मग कोपऱ्यावरच्या बेकरीपर्यंत डोळे मिटून चालत गेला आणि तसाच परत आला. कुठे ठेच लागली नाही.

"हे विकायला कधी आलं?"

तिला खोटं बोलता आलं असतं. सवय होती.

"मेमध्ये."

तो दारातल्या पायरीवर बसला.

"पालेर्मोत रविवारी नेलं, ते मुद्दाम. सगळंच मुद्दाम. मला वाटलं, घर मिळालं की तू यायचा बंद होशील. रामिरो, माझं तुझ्यावर..."

"अगं, घर मिळालं असतं तर मी इथे राहिलो असतो!" त्याचा आवाज फाटला. "इथे! तुझ्या शहरात! रोज भेटलो असतो!"

इतकी साधी गोष्ट! तीन महिन्यांत ती तिला एकदाही सुचली नव्हती. स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेतात म्हणजे काय, ते तिला भर दुपारी कळलं.

"आईंना फोन कर. मी बोलते त्यांच्याशी. पाया पडते."

"ती एकदा रडून मोकळी झालीय. पुन्हा आशा लावायची माझी हिंमत नाही." त्यानं चष्मा काढून पुसला. "दुसऱ्याच भेटीत मी तुझ्या प्रेमात पडलो होतो. आधी आईचं घर होऊ दे, मग तुला विचारू, असं ठरवलं होतं."

"मग आता विचार ना..."

"आता रोज आईच्या तोंडाकडे बघीन आणि मला ही गल्ली आठवेल. तुझ्याकडे बघितलं तरी हीच आठवेल. कसं जगायचं सांग?"

तिनं दाराला कुलूप लावलं आणि दोघं बस थांब्यापर्यंत चालत आले.

मोंतेविदेओत नळ दुरुस्त करायला आलेल्या माणसालाही निरोप देताना गालाला गाल लावतात. यानीनानं मान थोडी वर केली, डोळे मिटले. काहीच झालं नाही, म्हणून उघडले. रामिरोनं हात पुढे केला होता, परक्या माणसापुढे करतात तसा. तिनं तो हातात घेतला, आणि बस आली.